कोंबडीच्या पोटांतील मित्रजंतु



कोंबडीच्या खाद्याचा इतिहास हा कांहीं व्याख्यानाचा विषय आहे काय, असें आपणांस वाटेल. परंतु आपल्या मुलाच्या आजारावर उद्यां औषध लागू पडेल कीं नाहीं, हें त्या इतिहासाशीं निगडित आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवर खुडूक कोंबडी पाटींत अंडीं उबवीत असे. पिलें आईमागोमाग उकिरड्यावर चरत, आणि दाण्याबरोबर तिच्या विष्ठेंतील सूक्ष्म जंतुहि त्यांच्या पोटांत जात. हे जंतु आतड्यांत ठाण मांडून बसत व रोगजंतूंस सहसा जागा मिळूं देत नसत. पुढें उबवणयंत्रें आलीं. पिलें हजारोंनीं निघूं लागलीं. पण आईची भेट सुटली आणि तिच्याकडून मिळणारा हा वारसाहि सुटला.

ती उणीव औषधांनीं झांकली गेली. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत स्टोकस्टाड व ज्यूक्स ह्या शास्त्रज्ञांस आढळलें कीं, ऑरिओमायसिन तयार करतांना उरणारा चोथा खाद्यांत मिसळल्यास पिलें झपाट्यानें वाढतात. मग निरोगी कोंबड्यांस रोज थोडें थोडें प्रतिजैविक चारण्याची चाल पडली. अल्प मात्रेस जे जंतु दाद देत नाहींत, तेच मागें उरून वाढतात. आणि ह्यांतील कित्येक औषधें माणसांसहि लागणारीं. १९६९ सालीं ब्रिटनमधील स्वान समितीनें धोक्याची सूचना दिली. युरोपीय संघानें वाढीसाठीं प्रतिजैविकें चारणें १ जानेवारी २००६ पासून बंद केलें. भारतानें २०१९ सालीं कोंबड्यांसाठीं कोलिस्टिनची मनाई केली; तें माणसांच्या अखेरच्या उपायांपैकीं एक आहे.

दुसरी वाट फिनलंडनें दाखविली. १९७१ सालीं तेथील कोंबड्यांत साल्मोनेला जंतूंचा फैलाव झाला. नुर्मी व रान्ताला ह्यांनीं निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यांतील द्रव्य नवजात पिलांस दिलें, आणि पिलें त्या बाधेपासून पुष्कळ अंशीं बचावलीं. १९७३ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. खुडूक कोंबडी जें न शिकतां करीत होती, तेंच प्रयोगशाळेनें सिद्ध केलें.

मात्र त्या द्रव्यांत शत्रूहि असूं शकतात. म्हणून निवड करावी लागते. जंतु वेगळे काढून, ते पोटांतील आम्लांत व पित्तांत जगतात काय, आतड्यास चिकटतात काय, साल्मोनेलास रोखतात काय, हें एकेक पाहतात. औषधास न जुमानण्याचा गुण जे दुसऱ्या जंतूंस देऊं शकतील, त्यांस वगळतात. दह्यांतील जंतूंचे भाऊबंद लॅक्टोबॅसिलस गुणी खरे, पण खाद्याच्या गोळ्या करतांना लागणारी उष्णता त्यांस बहुधा सोसत नाहीं. बॅसिलस जातीचे जंतु बीजाणुरूपानें ती सोसतात. अशा निवडक जिवंत जंतूंच्या पूरक खाद्यास आज प्रोबायोटिक म्हणतात.

राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे, आणि भोंवतालच्या वस्त्यांवर गावरान कोंबडी अजून अंगणांत चरते आहे. विद्या व वारसा असे एकमेकांच्या शेजारीं नांदत आहेत. जिला आपण कमी अंडीं देणारी म्हणून हिणविलें, तिच्या पोटांतील ठेवा ती नाहींशी होण्यापूर्वीं तपासून घेणें, हें शहाणपणाचें होईल.