जाणणे एक की दोन?

शिरूरला घोडनदी या नावानेही ओळखतात. दौंड वसले आहे भीमेच्या काठी, आणि घोड नदी पुढे भीमेला मिळते. समजा, ही गोष्ट शिरूरच्या एका विद्यार्थिनीला माहीत आहे आणि दौंडच्या एका विद्यार्थ्यालाही. मग त्या दोघांनी मिळून एकच गोष्ट जाणली, की दोन मनांतली ही दोन वेगळी ज्ञाने आहेत?

प्रश्न पोरकट वाटेल. पण याच्याशी जवळचे नाते असलेल्या विषयावर जुलै 1983 मध्ये पुण्यात विद्वानांची एक परिषद भरली होती. तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि ‘नवभारत’ मासिकामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले मे. पुं. रेगे यांचा तीत पुढाकार होता. एकीकडे विद्यापीठांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते, तर दुसरीकडे परंपरेने शास्त्रे शिकलेले पंडित. एकाच देशात राहूनही त्यांची वैचारिक गाठ क्वचितच पडे. बर्ट्रंड रसेल याची ‘विधान’ या कल्पनेविषयीची मते संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवण्यात आली. ही चर्चा 1991 मध्ये ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात आली.

यातला पेच आपण आपल्याच उदाहरणावरून समजून घेऊ. 1903 च्या सुमारास रसेलचे मत असे होते, की विधान कोणाच्याही मनावर अवलंबून नसते. म्हणजे आपल्या उदाहरणात जाणणारे दोन असले तरी विधान एकच. नैयायिक हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. ते उत्पन्न होते आणि नाहीसेही होते. शिरूरचे ज्ञान शिरूरच्या मुलीचे, दौंडचे दौंडच्या मुलाचे. दोघांत समान आहे तो ज्ञानाचा विषय: त्या नद्या आणि त्यांचा संगम. मग मध्ये ‘विधान’ नावाची आणखी एक वस्तू कशाला मानायची?

खरी कसोटी लागते ती चुकीच्या वेळी. एखाद्याने ‘भीमा घोड नदीला मिळते’ असे लिहिले, तर असे काही जगात घडतच नाही. मग त्याच्या मनात आले ते काय? ते एक खोटे विधान होते असे म्हणावे, तर जगात असंख्य खोटी विधाने नांदत आहेत असे मानावे लागेल. ही अडचण रसेललाही जाणवली आणि 1910 च्या सुमारास त्याने आपले मत बदलले. समजुतीतले घटक खरे असतात, मन त्यांना एकत्र जोडते, असे तो म्हणू लागला. नैयायिकांचा अन्यथाख्यातिवाद याच्या बराच जवळ जातो. दोरीच्या जागी साप दिसतो तेव्हा समोरची वस्तू खरी असते, सापही इतरत्र खराच असतो. फक्त जे जिथे नाही ते तिथे जोडले जाते.

आज मेंदूतल्या हालचालींची चित्रे घेता येतात. दोन माणसांच्या मेंदूंतल्या हालचाली तंतोतंत सारख्या नसतात. तरीही दोघांना ‘तेच’ कळले असे आपण म्हणतो. तेव्हा पुण्यातला प्रश्न अजून जुना झालेला नाही.

शिक्षकांना तर तो रोज भेटतो. वरचे चुकीचे उत्तर पुन्हा पाहा. त्यातल्या दोन्ही नद्या खऱ्या आहेत, त्यांचे मिळणेही खरे आहे. उलटला आहे तो फक्त त्यांचा क्रम. लाल फुली मारण्याआधी त्या मुलाने काय काय बरोबर जाणले आणि जोडणी कुठे चुकली, एवढे विचारून पाहावे, असे आम्हांला वाटते.