दुष्काळ जाहीर केला तो गाणाऱ्यांनी

१९४३ साली बंगालात लाखो माणसं उपाशी मेली, पण तिथं सरकारी कागदावर दुष्काळ कधी पडलाच नाही. दुष्काळ पडला तर कामं कशी काढायची, कोणाला किती धान्य द्यायचं याची कलमवार नियमावली इंग्रजांनीच करून ठेवली होती. दुष्काळ जाहीर केला की ती लागू करावी लागे. म्हणून तो जाहीर केला नाही. आमच्या आजोबांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते संगमेश्वराकडून आलेले, परळच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. पण बंगाल उपाशी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना गाणाऱ्यांनी सांगितलं होतं.

आजोबा ही गोष्ट पुष्कळदा सांगत. पहिली पाळी सुटली होती, युनियनच्या पोरांनी चाळीचाळीतून आवाज दिला होता की संध्याकाळी मैदानात बंगालची मंडळी गाणार आहेत. पेटी होती, ढोलकी होती, पाठीमागे साधा पडदा. गाणी काही बंगालीत, काही हिंदुस्तानीत. मग एक मुलगी पुढे आली आणि भुकेलेल्या बाईचा नाच तिनं केला. हातात रिकामं भांडं घेऊन ती लोकांसमोर फिरली. “ती भात मागत नव्हती बाय, पेज मागत होती,” आजोबा म्हणत. “भात मागायची उमेदच राहिली नव्हती तिच्यात.” कोकणातल्या माणसाला पेज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मैदानात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी लहानपणी तीच पिऊन दिवस काढले होते.

पुढे मोठी झाल्यावर मी त्या काळाबद्दल मिळेल ते वाचलं, तेव्हा कळलं की आजोबांनी पदरचं काही घातलं नव्हतं. कलकत्त्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसं दारोदार भाताची पेजच मागत हिंडत होती. १९४४ साली बिनय रॉय यांचं बंगाली पथक मुंबईत आलं आणि महाराष्ट्र-गुजरातेत कार्यक्रम करत फिरलं. वामिक जौनपुरी यांची बंगालच्या भुकेवरची उर्दू रचना तेव्हा देशभर गायली जात होती. कार्यक्रम संपला की झोळी फिरे. जमलेला पैसा बंगालात मदतकार्य करणाऱ्या समित्यांकडे जाई.

या सगळ्यामागे जी संघटना होती, तिचा जन्म मुंबईतला. २५ मे १९४३ रोजी भारतीय जननाट्य संघ, म्हणजे इप्टा, इथं स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते ना. म. जोशी. परळमध्ये हे नाव सर्वांना ठाऊक होतं. सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांसाठी रात्रशाळा नि वाचनालयं चालवणारे हेच जोशी. त्यामुळे इप्टाचं पथक गिरणगावात आलं तेव्हा ते परक्यांच्या दारी आलं नव्हतं. इथल्या कलावंतांनीही त्या हाकेला ओ दिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच काळात उभं राहिलं. अण्णा भाऊंनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, मुंबईत पडेल ते काम केलेला माणूस हजार मैलांवरच्या शेतकऱ्याचं दुःख मराठीत गाऊ लागला. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचा, हे आजोबा सांगताना त्यांचाही आवाज चढायचा.

दुष्काळ कशानं पडला? १९४२ साली जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सरकारनं बंगालच्या किनारी भागातला तांदूळ उचलला, हजारो नावा जप्त केल्या. ज्या मुलखात नदी हाच रस्ता, तिथं नाव गेली की बाजारही गेला आणि मासेमारीही गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळानं झोडपलं. युद्धखर्चानं महागाई भडकली, व्यापाऱ्यांनी साठे केले, तांदळाचा भाव शेतमजुराच्या आवाक्याबाहेर गेला. अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की बंगालात धान्य अगदीच नव्हतं असं नाही, ते विकत घेण्याची ताकद गरिबांत उरली नव्हती. सरकारी चौकशी आयोगानं मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत आणि त्याहून वरही जातात.

आणि हे चाललं असताना वर्तमानपत्रांवर युद्धकाळातली बंधनं होती. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’नं रस्त्यावरच्या भूकबळींची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठं बाहेरच्या जगाचे डोळे उघडले. पण इंग्रजी पत्र गिरणगावात किती जण वाचणार? चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदिन यांनी काळ्या शाईत भूक रेखाटली, सुनील जाना यांनी ती कॅमेऱ्यात पकडली. अक्षर न येणाऱ्यापर्यंत पोचायला मात्र गाणंच हवं होतं. ते पोचलं.

आजी हीच गोष्ट वेगळी सांगायची. ती खानावळ चालवत होती. गाववाले, एकटे राहणारे गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. १९४३ सालीच मुंबईत रेशनिंग सुरू झालं होतं आणि मोजून मिळणाऱ्या धान्यात इतक्या पुरुषांचं पोट भरायचं ही तिची रोजची लढाई होती. ती म्हणायची, “तुझे आजोबा गाण्याचं सांगतात, पण झोळीत काय पडलं ते मला विचार. माझ्या खानावळीतल्या पोरांनी रविवारचं मटण बंद करायला लावलं नि ते पैसे दिले. मी म्हटलं, अरे, आठवडाभर राबता, एक दिवस तरी नीट जेवा. ऐकतात कुठं!” हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नसे, अभिमान असे. देणारे स्वतः तुटपुंज्यात जगत होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मनिऑर्डरीची वाट बघणारी घरं मागे ठेवली होती. आजोबांनाही बंगालचा शेतकरी कधी परका वाटला नाही. “पाऊस हुकला की तो कलकत्त्याला, मी मुंबईला. फरक इतकाच,” एवढंच ते म्हणत.

त्या गाण्यांची एक उणीवही सांगायला हवी. जर्मनी-जपानविरुद्धच्या युद्धाला लोकयुद्ध मानून कम्युनिस्ट पक्षानं पाठिंबा दिला होता आणि इप्टावर पक्षाचा प्रभाव होता. त्यामुळे गाण्यांतला राग साठेबाजांवर नि जपानवर जितका उतरला, तितका नावा नि तांदूळ उचलणाऱ्या, दुष्काळ हा शब्द टाळणाऱ्या सरकारवर उतरला नाही. ज्यांनी भूक जाहीर केली त्यांनी तिच्या सगळ्या कारणांची नावं त्याच जोरानं घेतली असती, तर त्या गाण्यांचं बळ आणखी वाढलं असतं. हे म्हणताना त्यांच्या कष्टाबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही.

पुढे अंधेरीत इप्टाचं केंद्रीय पथक राहू लागलं. शांती बर्धन नृत्य बसवत. पंचविशीतले रविशंकर या पथकात संगीतकार म्हणून आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ साली ‘धरती के लाल’ हा बंगालच्या दुष्काळावरचा चित्रपट इप्टासाठी काढला, त्याचं संगीतही रविशंकरांचं. या चित्रपटाचं काही चित्रीकरण धुळ्याकडे झालं आणि खानदेशचे शेतकरी बंगाली शेतकरी होऊन कॅमेऱ्यासमोर चालले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं बंगालसाठी केलेलं हे काम आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

त्याच रविशंकरांनी पंचवीस वर्षांनी पुन्हा बंगालसाठी सतार हाती घेतली. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळानं पूर्व पाकिस्तानात लाखोंचा बळी घेतला होता. मार्च १९७१ पासून लष्करी अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. रविशंकरांनी आपले शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन यांना साकडं घातलं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन खेळ झाले, मिळून सुमारे ४० हजार श्रोते आले. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती यांनी सुरुवात केली, मग हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार यांनी रंगमंच घेतला. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. ध्वनिमुद्रिका नि चित्रपटाचे पैसे मात्र करांच्या कचाट्यात कित्येक वर्षं अडकले, कारण कार्यक्रम आधीच एखाद्या मदतसंस्थेच्या नावे रीतसर नोंदवलेला नव्हता. उपाशी माणसासाठी गोळा केलेला पैसा वेळेत पोचला नाही तर तो निम्मा वाया जातो, हा धडा त्यातून पुढच्यांना मिळाला.

तरी त्या दिवशी झालेलं मोठं काम रकमेत मावत नाही. अमेरिकेचं सरकार तेव्हा पाकिस्तानच्या पाठीशी होतं. भारतानं बांगलादेशला मान्यता दिली ती ६ डिसेंबरला, अमेरिकेनं दिली पुढल्या एप्रिलमध्ये. गाणाऱ्यांनी मात्र ऑगस्टमध्येच कार्यक्रमाच्या नावात बांगलादेश हे नाव लावलं होतं आणि जगभरच्या तरुणांच्या तोंडी ते बसलं. १९४३ मध्ये जे दुष्काळाचं झालं, तेच १९७१ मध्ये देशाच्या नावाचं झालं. सरकारं अडली होती तिथं कलावंत बोलले.

जाहीर करण्यानं काय फरक पडतो, हे आपल्याला १९७२ च्या दुष्काळानं दाखवलं. माझ्या आईची मावशी माण तालुक्यातली. तिनं त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मुलांनी मदतीतली सुकडी खाल्ली, घरात मिलो ज्वारीच्या भाकरी झाल्या. हाताचे घट्टे ती आम्हाला दाखवायची. हाल अतोनात झाले. पण इथं सरकारनं संकट मान्य केलं, दुष्काळी कामं काढली, १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती, आणि बंगालासारखे मृत्यूचे ढीग लागले नाहीत. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. गाण्यांनी जमवलेला पैसा लाखो लोकांना जगवू शकत नाही. ते काम सरकारचंच. पण सरकारनं तोंड फिरवलं तर ते वळवण्याचं काम गाणं करू शकतं, म्हणून त्याची गरज संपत नाही.

आजही पूरग्रस्तांसाठी, दुष्काळग्रस्तांसाठी संगीताचे कार्यक्रम होतात. ते करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: हिशेब पै-पैचा जाहीर करा, आणि रंगमंचावरून संकटाचं कारण न घाबरता सांगा. श्रोत्याच्या खिशातून नोट निघेल, ती गरजेचीच आहे. पण घरी जाताना त्याला हेही कळलेलं असू द्या की ही माणसं उपाशी का राहिली.

आणि वाचकांनाही एक विनंती. त्या काळच्या कार्यक्रमांतली मोजकी नावं इतिहासात राहिली. झोळी घेऊन फिरलेले, मैदानात पडदा बांधणारे, डफ धरून साथीला उभे राहिलेले शेकडो लोक गिरणगावातल्या, सोलापूरच्या, खानदेशच्या घरांतले होते. त्या पिढीतलं कोणी आता फारसं उरलेलं नाही, पण त्यांच्याकडून ऐकलेली मुलं-नातवंडं आहेत. आपल्या घरात अशी एखादी आठवण असेल तर गाव, साल आणि माणसाचं नाव घालून ती याच वर्षी लिहून ठेवा.