दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा २०१० : पुरुषांची सायकल टाइम ट्रायल

मेजर ध्यानचंद यांच्यामुळे झाशीचे आणि पर्यायाने उत्तर प्रदेशाचे नाव ऑलिंपिक हॉकीच्या इतिहासात कोरले गेले. याच राज्यातील एका रस्त्यावर राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील सायकलिंगच्या सुवर्णपदकाचाही निर्णय झाला आहे. यजमानपद दिल्लीकडे असले, तरी पुरुषांची वैयक्तिक टाइम ट्रायल १३ ऑक्टोबर २०१० रोजी नोएडा–ग्रेटर नोएडा द्रुतगती मार्गावर पार पडली.

एकूण ४० किलोमीटरचे अंतर स्कॉटलंडच्या डेव्हिड मिलरने ४७ मिनिटे १८ सेकंदांत कापले. त्याचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरहून अधिक होता. इंग्लंडचा अ‍ॅलेक्स डाउसेट दुसरा, तर ऑस्ट्रेलियाचा ल्यूक डरब्रिज तिसरा आला.

या प्रकारात स्पर्धक ठरावीक अंतराने एकेक करून निघतात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो, तो विजेता ठरतो. सामूहिक शर्यतीत पुढच्या सायकलपटूच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध टाळता येतो आणि शक्ती वाचते. येथे मात्र पुढे असलेल्या स्पर्धकाला गाठले, तरी त्याच्या मागे राहून आडोसा घेण्यास मनाई असते. त्यामुळे हँडलवर पुढे झुकून बसण्याची पद्धत, भरीव मागचे चाक आणि निमुळते शिरस्त्राण यांना महत्त्व येते. सायकलपटू या प्रकाराला ‘सत्याची शर्यत’ म्हणतात.

मिलरच्या बाबतीत या नावाला वेगळा अर्थ होता. २००३ मध्ये तो याच प्रकारात जगज्जेता ठरला होता. मात्र २००४ मध्ये त्याने ईपीओ हे प्रतिबंधित द्रव्य घेतल्याची कबुली दिली. त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. पुनरागमनानंतर त्याने उत्तेजकांविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. तरीही ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेच्या नियमानुसार दोषी खेळाडूला ऑलिंपिकचे दार आजन्म बंद होते. राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडचा संघ स्वतंत्र असल्याने हा नियम तेथे लागू नव्हता. दिल्लीत त्याने आधी रोड रेसमध्ये कांस्यपदक मिळवले आणि तीन दिवसांनी टाइम ट्रायलमध्ये सुवर्णपदक पटकावले.

शिक्षा भोगलेल्या खेळाडूला पुन्हा संधी द्यावी का, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर २०१२ मध्ये मिळाले. क्रीडा लवाद न्यायालयाने आजन्म बंदीचा ब्रिटिश नियम जागतिक उत्तेजकविरोधी संहितेशी विसंगत ठरवला आणि मिलर लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला. गुन्ह्याला एकदा शिक्षा झाल्यावर तीत देशागणिक भर घालता येणार नाही, हे तत्त्व या निकालाने दृढ झाले.

राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक टाइम ट्रायलचा समावेश १९९८ च्या क्वालालंपूर स्पर्धेपासून झाला. कॅनडाचा एरिक वोलबर्ग पहिला विजेता ठरला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स विजयी झाला. पुढे २०११ मध्ये त्याने टूर डी फ्रान्स जिंकली. दिल्लीतील रौप्यविजेता डाउसेट २०१४ मध्ये ग्लासगो येथे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि २०१५ मध्ये त्याने तासाभरात ५२.९३७ किलोमीटर अंतर कापून तत्कालीन विश्वविक्रम केला.