बारीक माणसाला शुगर का होते? सहा गावांनी दिलेलं उत्तर

"डॉक्टर, माझ्या अंगावर मांस नाही, मला कशी काय शुगर?"

मेहकरच्या आसपासच्या खेड्यांतून येणारे पेशंट हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वजन 55 किलो, शेतात राबणारं शरीर, आणि रिपोर्टमध्ये साखर 250. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या काळात मीही चुकत होतो. मधुमेह हा लठ्ठ, खात्यापित्या घरच्या माणसाचा आजार, असंच डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे बारीक माणसाची साखर तपासायचं मनातच येत नसे. काहींचं निदान पायाची जखम चिघळल्यावर झालं. ते मला आजही टोचतं.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांचा मोठा वाटा आहे.

जन्माच्या वजनापासून सुरुवात

इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर या डॉक्टरांनी हर्टफर्डशायर जिल्ह्यातल्या जन्माच्या जुन्या नोंदी तपासल्या. 1989 साली त्यांनी दाखवलं की जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. म्हणजे आजाराची मुळं आईच्या पोटापर्यंत जातात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या 6 गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या आयांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधली 3.5 किलोची. एवढं अपेक्षितच होतं. आश्चर्य पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्लंडच्या बाळांइतकीच! दिसायला बारीक, आतून चरबीवालं बाळ.

2004 साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरमित्राचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. पण मित्राच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के.

असं का होतं?

पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं, की ते आधी मेंदू सांभाळतं. स्नायू आणि इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड मागे पडतात. रक्तातली साखर वापरण्याचं मोठं काम स्नायूंचं, आणि तेच कमी.

आपल्याकडे टंचाई पिढ्यान्‌पिढ्या होती. 1972 चा दुष्काळ, मिलो ज्वारी, खडी फोडायला गेल्यावर मिळणारी सुकडी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नंतर एका पिढीतच सगळं पालटलं. शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आणि तेल वाढलं, पायाखाली मोटारसायकल आली. टंचाईत घडलेल्या शरीराला हे झेपत नाही. मग साखर, बीपी आणि हृदयविकार हातात हात घालून येतात.

तुम्ही काय करायचं?

• वय 30 झालं की वजन कितीही असो, साखर आणि बीपी तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.
• काट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंमी आणि बायकांची 80 सेंमीच्या आत हवी.
• शेतकाम हंगामापुरतं असतं, चालणं बारमाही ठेवा. तंबाखू सोडा.
• भाकरी, डाळ, भाजी वाढवा. चहासोबतची बिस्किटं कमी करा.
• घरातल्या मुली आणि सुना शेवटी उरलंसुरलं खातात, ते आधी थांबवा. याच 6 गावांत असं दिसलं की हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अधिक भरलेली होती. नातवाचा मधुमेह टाळण्याची सुरुवात सुनेच्या ताटापासून होते.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा बारीक आहेत म्हणून कुणाला घरी ठेवू नका. मोजपट्टी माझ्या टेबलावरच असते.