शिकताना काम, कामातून शिक्षण : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याहून येणारा रस्ता मिळतो. सिन्नर-नाशिकरोडकडून येणारी मुले आणि ओझर-आडगावकडून येणाऱ्या मुली सकाळी इथेच उतरतात, सिटीलिंकची दुसरी बस पकडतात, नाहीतर शेअर रिक्षात चौथी-पाचवी सवारी होऊन बसतात. शहरातली जुनी, मोठी महाविद्यालये गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या बाजूला आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीही पश्चिमेच्याच अंगाला आहेत. घर एका टोकाला, वर्ग दुसऱ्या टोकाला आणि काम मिळालेच तर तिसऱ्या टोकाला, असा या मुलांचा दिवस असतो. ज्या अभ्यासक्षेत्राची ही प्रस्तावना आहे, त्याचा पहिला प्रश्न या दिवसातूनच निघतो.

महाविद्यालयात शिकत असताना केलेली नोकरी, इंटर्नशिप, उमेदवारी आणि विद्यार्थी म्हणून पेललेले नेतृत्व हा आपला विषय. त्याला स्वतंत्र विभाग नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही. शिक्षणशास्त्राचे लोक त्यातले शिकणे पाहतात, अर्थशास्त्राचे लोक मजुरी पाहतात, कायद्याचे अभ्यासक करार पाहतात आणि समाजशास्त्रज्ञ जात, वर्ग, लिंग पाहतात. विद्यार्थी मात्र एकच असतो आणि त्याच्याकडे दिवसाचे तासही तेवढेच असतात. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडून ठेवतो. संधींची यादी कितीही लांबवली, तरी ती संधी घ्यायला लागणारा वेळ, बसभाडे, घरची परवानगी आणि पहिला पगार हाती येईपर्यंत तग धरण्याची ऐपत कोणाकडे आहे, हे तपासल्याशिवाय या क्षेत्रात काहीच नीट कळत नाही.

महाराष्ट्राला हे फार पूर्वी कळले होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यापाठोपाठ अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. नाशिकमध्ये १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या इतिहासातही वसतिगृहाचे काम अगदी आरंभापासून आहे. शाळा गावात असो की शहरात, शेतकऱ्याच्या पोराला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाल्याखेरीज त्या शाळेचा त्याला उपयोग नाही, हे या मंडळींनी ओळखले. आज आपण ज्याला प्रवेशाची समानता म्हणतो, तिचा विचार त्यांनी भाकरीपासून सुरू केला होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी या विचाराला पुढचे वळण दिले. १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला भेट दिली. भाऊरावांच्या चरित्रातला एक भाग मला या विषयासाठी फार मोलाचा वाटतो. शिक्षणाच्या कामात पूर्णवेळ पडण्याआधी ते ओगल्यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले होते, साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर कारखान्याच्या उभारणीतही होते. काम माणसाला काय शिकवते हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. त्यांच्या वसतिगृहातली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, इमारतीच्या बांधकामावर दगड-माती वाहत आणि त्या श्रमातून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च उचलत. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ‘कमवा आणि शिका’ हा विचार पदवीच्या पातळीवर आणला.

त्याच नावाची, कर्मवीरांचीच योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत चालते आणि नाशिक जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच विद्यापीठाची. तिचे रूप जवळून पाहावे. तास संपला की विद्यार्थिनी ग्रंथालयात येते, हजेरीच्या वहीत वेळ टाकून सही करते, परत आलेली पुस्तके क्रमांकाप्रमाणे कपाटात लावते, फाटलेल्या पाठीला कागद डकवते, जुन्या नोंदी संगणकावर चढवते. कोणी प्रयोगशाळेत काचसामान धुतो, कोणी बागेत आळी करतो, कोणी कार्यालयात अर्ज छाटतो. तासावर दर ठरलेला असतो आणि महिनाअखेरीस पैसे खात्यावर येतात. रक्कम छोटी असते, पण एक गोष्ट इथे आपोआप साधलेली आहे: काम आणि वर्ग एकाच आवारात असल्याने प्रवासाचा वेळ आणि खर्च शून्य. अभ्यासकाने ती हजेरीची वही बारकाईने वाचावी. कोणत्या विभागाची मुले येतात, परीक्षेच्या महिन्यात कोण गळते, मुली कोणत्या कामावर नेमल्या जातात, वर्षभर टिकून राहणारे कोण, हे सगळे तिथे शाईने लिहिलेले असते.

कामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणण्याचा देशव्यापी विचारही महाराष्ट्राच्याच भूमीवर मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम पुढे ठेवली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा यांची शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा तास अनुभवलेल्या पिढीला त्याचे पुढे काय झाले ते सांगायला नको. खडूच्या कांड्या, कागदी फुले, मेणबत्त्या आणि वर्षाअखेरीस श्रेणी. मूळ कल्पना चांगली होती. ज्या कामाची कोणाला गरज नाही ते काम मुलाला शिकवत नाही, हे ती राबवणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. त्या अपयशाचा अभ्यास आज फार जरुरीचा आहे, कारण तीच चूक आता पदवीच्या पातळीवर करण्याची पुरेपूर सोय झाली आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण आले, म्हणजे ज्याला मुले सरळ ‘ओजेटी’ म्हणतात ते. चार श्रेयांकांचे हे काम साधारण १२० तासांचे होते. वाणिज्य शाखेची एखादी मुलगी सनदी लेखापालाच्या कार्यालयात जाते. पहिला आठवडा बिले तारखेप्रमाणे लावण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात ती टॅलीत खरेदीच्या नोंदी करते. एखादे बिल दोनदा चढल्याचे तिला स्वतःला सापडले आणि तिने ते वरिष्ठाला दाखवले, तर तिथे शिक्षण घडले. तेच १२० तास चहा सांगण्यात आणि झेरॉक्स काढण्यात गेले तरी प्रमाणपत्रावरचा मजकूर अक्षरशः सारखाच असतो. हा फरक मोजायचा कसा? आपल्या क्षेत्रातला हा सर्वांत अवघड पद्धतीशास्त्रीय प्रश्न आहे, आणि तरुण अभ्यासकाने हाती घ्यावा असाही.

जीन लेव्ह आणि एटीएन वेंगर यांचे १९९१ चे लेखन इथे उपयोगी पडते. त्यातले एक उदाहरण असे: लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणारी मुले आधी शेवटची कामे शिकतात, बटणे लावणे, दुमड घालणे. कापड बेतणे सर्वांत शेवटी. तयार कपडा हातात घेऊन ती सुरुवात करतात, म्हणून हे सगळे कशासाठी चालले आहे ते पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असते. क्षुल्लक काम आणि उंबरठ्यावरचे काम यांतला फरक त्यातून कळतो: पुढच्या कामाकडे जाणारी वाट त्यात दिसते की नाही, एवढाच. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ पासून हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्ग आणि कारखाना दिला. तिथे कारखान्यातल्या कामाला वेतन होते, हे विसरू नये.

वेतनाचा मुद्दा आपल्याकडे कायद्याने निम्मा सोडवला आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मुळात कारागिरीच्या धंद्यांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सपासून सातपूरच्या वाहन-उद्योगापर्यंत नाशिकच्या कारखानदारीला ही परंपरा परिचयाची आहे. ‘इंटर्न’ या नावाने येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र असे कवच नाही. २०२४ मध्ये दोन मोठ्या योजना आल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकरकमी ६,०००. पण सुरू झाली तेव्हा ही केंद्राची योजना २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या तरुणांसाठी होती. वर्गात बसलेला विद्यार्थी तिच्या बाहेरच राहिला. योजनेचे नाव वाचून थांबू नये, पात्रतेची कलमे वाचावीत, ही सवय या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

नेतृत्वाचा भाग वेगळा काढून शिकवला जातो, आणि मला तो तसा तोडणे मान्य नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेच्या आधारे नियुक्त्या आणल्या. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, तरी निवडणुका लांबणीवरच पडत गेल्या. मधल्या काळात जबाबदारी घेण्याचे शिक्षण मुलांना मिळाले ते मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेत. १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना सुरू झाली; दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. साठ जणांच्या शिध्याची यादी करणे, गावच्या सरपंचांशी बोलून शाळेच्या खोल्या मिळवणे, रात्री भांडलेल्या दोन गटांना सकाळी एकाच चरावर खोदायला लावणे, हे ज्या मुलीने केले तिला व्यवस्थापन म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. आनंदवनच्या प्रेरणेतून सोमनाथला भरणारी श्रमसंस्कार छावणी आणि २००६ पासून गडचिरोलीत चालणारा ‘निर्माण’ हा युवा-उपक्रम यांचाही अभ्यास याच धाग्याने व्हायला हवा.

नाशिकपुरते बोलायचे तर २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा हे या सगळ्याचे एकत्र आलेले उदाहरण आहे. त्याआधी २०१४ पासून ‘कुंभथॉन’ सुरू झाले. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर त्यामागे होते. स्थानिक विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक, पालिकेची माणसे एका मांडवाखाली बसली आणि गर्दी, आरोग्य, निवास यांवर काम झाले. त्यातूनच ‘अशिओटो’ नावाची पायघडी आली: वाटेवर अंथरलेल्या चटईतल्या संवेदकांवर पाय पडला की माणूस मोजला जायचा आणि गर्दीचा अंदाज यंत्रणेला मिळायचा. ती बनवण्यात नाशिकची अगदी तरुण मुले होती. ज्या शहरात २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत भाविकांचे बळी गेले होते, तिथे हा प्रश्न खोटा नव्हता. गरज खरी असल्यामुळेच काम, शिकणे आणि पुढाकार यांच्या तीन वह्या वेगवेगळ्या ठेवाव्या लागल्या नाहीत.

आणि जे काम कोणत्याच वहीत येत नाही, त्याचे काय? निफाड-दिंडोरीच्या कितीतरी मुली ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षबागेचे हिशोब सांभाळतात. मजुरांची हजेरी, कोणत्या दिवशी कोणती फवारणी झाली त्याची नोंद, निर्यातीच्या मालावर औषधाचा अंश राहू नये म्हणून तोडणीआधी पाळायचे दिवस. हे उत्पादन-व्यवस्थापनच आहे. तोडणी जानेवारीनंतर जोर धरते आणि त्याच सुमारास महाविद्यालय तिला विचारते की इंटर्नशिप कुठे करणार. अर्जात ‘अनुभव’ या रकान्यापुढे ती ‘नाही’ असे लिहिते. क्रेग जेफ्री यांनी २०१० च्या ‘टाइमपास’ या पुस्तकात मेरठच्या सुशिक्षित तरुणांचे वाट पाहणे अभ्यासले. आपल्याकडे वाट पाहण्याइतकेच हे अदृश्य राबणे अभ्यासायला हवे. संध्याकाळी सातला सुटणारे काम मुलगी का नाकारते, हेही तिच्या महत्त्वाकांक्षेत शोधू नये. तिच्या गावाच्या शेवटच्या बसच्या वेळेत आधी शोधावे.

या क्षेत्रात येणाऱ्याचे मनापासून स्वागत आहे, मग तो शिक्षणशास्त्राचा संशोधक असो, महाविद्यालयातला विद्यार्थी विकास अधिकारी असो किंवा स्वतःच शिकत-कमावत असलेला विद्यार्थी असो. तिसऱ्याचे विशेष स्वागत, कारण साहित्य त्याच्याजवळच आहे. सुरुवात एका आठवड्याच्या वेळापत्रकाने करावी: उठण्यापासून झोपेपर्यंतचा प्रत्येक तास, प्रत्येक भाडे, कोणाची परवानगी लागली, कोणी शिकवले, कोणता निर्णय स्वतः घेतला. अशी वीस वेळापत्रके शेजारी ठेवली की कोणत्याही सर्वेक्षणाआधी प्रश्न नीट दिसू लागतात. २०२७ चा सिंहस्थ आता जवळ आला आहे. त्याच्या तयारीत हजारो विद्यार्थी स्वयंसेवक, शिकाऊ, कंत्राटी कामगार म्हणून उभे राहतील. त्यांपैकी कोणाला मानधन मिळाले, कोणाला फक्त टोपी आणि प्रमाणपत्र, कोणाला माणसे सांभाळायची जबाबदारी मिळाली आणि कोण घाटापर्यंत पोहोचण्याच्या भाड्यामुळेच मागे राहिले, याच्या नोंदी काम चालू असतानाच ठेवाव्या लागतील. त्यासाठी महाविद्यालयांनी आपापल्या वह्या आतापासून उघडाव्यात.