दुसरा ॲक्सेस पॉइंट कोणाच्या भरवशावर?

मागे एका क्लायंटच्या ऑफिसात नेमकं रिलीजच्या रात्री वाय-फाय गेलं. मी छताकडे बोट दाखवून म्हटलं, "अहो, इथे तर दोन-दोन ॲक्सेस पॉइंट आहेत!" तिथला नेटवर्कवाला शांतपणे म्हणाला, "सर, दोन्ही एकाच स्विचवर आहेत." स्विच बसला, दोन्ही बसले. कागदावर मात्र 'रिडंडन्सी : आहे' असं लिहिलेलं होतं. रिलीज तर राहिलाच, पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ही जोडीने लावायची पद्धत आली कुठून, आणि फसते कुठे? वीकेंडला जरा इतिहास चाळला.

सुरुवात हवाईपासून. जून १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी 'अलोहानेट' सुरू केलं. टर्मिनल रेडिओवरून विद्यापीठातल्या कॉम्प्युटरशी बोलायचे. दोन पॅकेट हवेत आपटली, तर ज्याने त्याने थोडा कमी-जास्त वेळ थांबून परत पाठवायचं. साधी पण जबरदस्त युक्ती. म्हणजे पॅकेट हरवलं तर सोय होती. पण सगळी वाहतूक 'मेनेहुने' नावाच्या एकाच मधल्या मशीनमधून जायची. ते बसलं की सगळा कारभार बंद. गंमत म्हणजे त्याच्या सात वर्षं आधी, १९६४ मध्येच, रँड कॉर्पोरेशनच्या पॉल बॅरनने लिहून ठेवलं होतं की एका केंद्रावर टांगलेलं नेटवर्क सगळ्यात नाजूक.

१९९७ मध्ये ८०२.११ हे स्टँडर्ड आलं. त्यात एकाच नावाखाली अनेक ॲक्सेस पॉइंट लावायची सोय होती. एक गेला तर लॅपटॉप आपला आपण दुसरा शोधतो. झालं, लोकांना वाटलं रिडंडन्सी मिळाली! पण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. त्यामुळे नुसते जास्त डबे टांगले तर ते एकमेकांवरच ओरडत बसतात.

मग २००३ मध्ये ८०२.३एएफ आलं. एकाच केबलमधून डेटाही आणि वीजही, प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट. छताजवळ वेगळा प्लग नको, वायरमन नको. सगळे खूश. पण आता स्विच गेला की डेटा जातो आणि वीजही जाते. आमच्या त्या रात्रीचं मूळ हे असं.

त्याच सुमारास कंट्रोलर आले. ॲक्सेस पॉइंटचा मेंदू काढून एका मध्यवर्ती डब्यात ठेवायचा, म्हणजे शेकडो ॲक्सेस पॉइंट एका जागेवरून सांभाळता येतात. २००५ मध्ये सिस्कोने याच धंद्यातली एअरस्पेस विकत घेतली, आणि २००९ मध्ये कॅपवॅप हा प्रोटोकॉल आरएफसी ५४१५ म्हणून छापला गेला. सोय उत्तम. पण नीट पाहिलं तर हा मेनेहुनेच की! म्हणून मग दोन कंट्रोलर. पहिल्याचं उत्तर येईना झालं की ॲक्सेस पॉइंट दुसऱ्याकडे जातात.

मग सगळंच डबल करावं का? तर तसंही नाही. दोन स्विचमध्ये जादा केबल टाकली की लूप होतो आणि पॅकेट गोल गोल फिरत राहतात. त्यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री शोधून काढलं : जादा वाट बंद ठेवायची, गरज पडली तरच उघडायची. पण नेटवर्क वाटेल तसं वाढलं तर तेही हात टेकतं. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलचं नेटवर्क असंच चारेक दिवस पुन्हा पुन्हा कोसळत राहिलं. अख्खं हॉस्पिटल कागदावर आलं. आपला रिलीज राहिला तर फार तर बॉस चिडतो. तिथे पेशंट होते.

सांगायचा मुद्दा काय, तर दर वेळी एक दुखणं बरं झालं आणि एक पायरी मागे सरकलं. ॲक्सेस पॉइंटवरून स्विचवर, स्विचवरून कंट्रोलरवर. म्हणून 'दोन आहेत का?' हा प्रश्नच अपुरा आहे. दोन्ही मिळून कशाच्या भरवशावर आहेत, हे विचारा. स्विच, यूपीएस, कंट्रोलर, डीएचसीपी, बाहेरची लाइन, सगळं एकदा कागदावर काढा.

त्या ऑफिसात पुढे शेजारशेजारचे ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या स्विचवर घेतले, आणि स्विच वेगवेगळ्या यूपीएसवर. मग एका शनिवारी दुपारी, सगळ्यांना आधी सांगून, आम्ही चक्क एका स्विचची पॉवर काढली. दोन मिनिटांनी एकाने विचारलं, "काय हो, कधी काढताय?"

याहून मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही.