चित्रपटातील प्रसंग स्मरणात का राहतात?

चित्रपट पाहून काही वर्षे लोटली की त्याचे कथानक विस्मरणात जाऊ लागते. पात्रांची नावे आठवत नाहीत, घटनांचा क्रम पुसट होतो. एखादा प्रसंग मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून आगगाडी पाहण्यासाठी धावणारी दोन भावंडे, हवेलीतील दिवे एकेक करून मालवणारी अबोल विधवा, राष्ट्रगीताचे सूर ऐकताच जागच्या जागी थबकलेला शाळकरी मुलगा ही अशा प्रसंगांची परिचित उदाहरणे होत.

अशा प्रसंगांचे यश अभिनयात, खटकेबाज संवादांत किंवा नेत्रदीपक छायालेखनात असते, असा सर्वसाधारण समज आहे. या घटकांचा वाटा मोठा आहे, हे खरेच. तथापि गाजलेले प्रसंग बारकाईने पाहिले असता त्यांचे बरेचसे सामर्थ्य प्रसंगाच्या बाहेर, म्हणजे आधी घडून गेलेल्या साध्या गोष्टींत साठवलेले असते, असे आढळून येते.

नाण्याच्या दोन बाजू

रमेश सिप्पी दिग्दर्शित 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या या चित्रपटात जय आणि वीरू हे दोन मित्र अडचणीच्या वेळी नाणे उडवून निर्णय घेतात. जखमी ठाकूरला रुग्णालयात न्यायचे की स्वतः पळून जायचे, हा पहिला निर्णयही असाच होतो. प्रेक्षकाला ही एक गमतीची सवय वाटते व तो ती विसरूनही जातो.

अखेरच्या लढाईत पुलावर मागे कोणी थांबायचे, हे पुन्हा नाणेच ठरवते. जय थांबतो आणि प्राण गमावतो. त्यानंतर वीरूच्या हाती ते नाणे लागते, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याचे त्याच्या लक्षात येते. हे चित्र पडद्यावर काही क्षणच दिसते. परंतु त्या क्षणी आधीच्या प्रत्येक नाणेफेकीचा अर्थ बदलतो. जयने कौल नशिबावर कधीच सोडलेला नव्हता, हे वीरूला आणि प्रेक्षकाला एकाच वेळी कळते. मैत्रीविषयी भाषण न करता मैत्रीचे मोल सांगणारा हा प्रसंग प्रत्यक्षात चित्रपटाच्या सुरुवातीपासून रचला जात होता.

ठाकूरच्या अंगावरील शालीचे रहस्यही याच पद्धतीने उलगडते. होळीच्या दिवशी गावावर हल्ला झाला असता समोर पडलेली बंदूक तो उचलून देत नाही. त्याचे हे वागणे जयला चीड आणते आणि प्रेक्षकालाही कोड्यात टाकते. शाल गळून पडते, तेव्हा धक्क्याबरोबर त्या चिडीबद्दलची खंतही प्रेक्षकाच्या मनात उमटते.

शब्दांची जागा ध्वनी घेतो तेव्हा

ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग संकलनाच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. या चित्रपटाचे संकलक एम. एस. शिंदे होते. फिल्मफेअर पुरस्कारांच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत 'शोले'च्या वाट्याला आलेला एकमेव पुरस्कार त्यांच्या संकलनाला मिळाला होता. गोळी लागताच एकेक व्यक्ती गोठलेल्या चित्रचौकटीत थांबते. अंगणातील झोपाळ्याची करकर तेवढी ऐकू येत राहते. अखेर गब्बरसिंगची बंदूक घरातील लहान मुलावर रोखली जाते. त्या वेळी प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत पुढच्याच चित्रात आगगाडी स्थानकात येते आणि ठाकूर आनंदाने घरी निघतो. घरी काय घडले आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे, ठाकूरला नाही. त्याची प्रत्येक पायरी त्यामुळे असह्य होत जाते.

ध्वनीचा याहून संयत वापर सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) या बंगाली चित्रपटात आढळतो. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारित या चित्रपटाचे छायालेखन सुब्रत मित्र यांनी केले, तर संगीत पंडित रविशंकर यांचे होते.

उपजीविकेच्या शोधात घराबाहेर पडलेला हरिहर अनेक दिवसांनी परततो. मधल्या काळात वादळाच्या रात्री त्याची मुलगी दुर्गा तापाने दगावलेली आहे. हे त्याला ठाऊक नाही. घराची पडझड पाहूनही तो उत्साहाने मुलांना हाका मारतो, आणलेल्या वस्तू पत्नी सर्वजयेला दाखवू लागतो. पोळपाट-लाटणे होते, लक्ष्मीची तसबीर होती. ती काही बोलत नाही. त्यानंतर तो दुर्गेसाठी आणलेली साडी तिच्या हाती देतो.

सर्वजया साडी तोंडाशी धरते आणि आक्रोश करते. मात्र तिचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या वाद्याचे तीव्र स्वर उमटतात. पत्नी खाली कोसळल्यावर हरिहरला सत्य उमगते आणि तोही मोडून पडतो. अपू हे बाहेर उभा राहून निमूटपणे ऐकत असतो.

मानवी रडण्याचा आवाज सर्वांच्या परिचयाचा असतो. तो ऐकू आला की प्रेक्षक एका स्त्रीचे दुःख पाहत असतो. तो काढून घेतल्यावर त्या रिकाम्या जागी प्रत्येक जण आपल्या अनुभवातील आक्रोश ऐकू लागतो. राय यांच्या या निर्णयाचे महत्त्व येथे आहे. परंतु केवळ वाद्याच्या स्वरांनी हे साधले नसते. याच सर्वजयेने चोरीच्या आळावरून दुर्गेला केस धरून घराबाहेर काढल्याचे प्रेक्षकाने पाहिलेले असते. तापात फणफणलेल्या मुलीजवळ बसून, वाऱ्याने हादरणारे दार सावरत तिने काढलेली रात्रही त्याने पाहिलेली असते. साडी हाती येते, तेव्हा या साऱ्याचा भार त्या कापडावर येऊन पडतो.

आगगाडीच्या सुप्रसिद्ध प्रसंगाबाबतही हेच म्हणता येईल. तारेच्या खांबाला कान लावून ऐकणारी दुर्गा, दुरून दिसणारा काळा धूर आणि डोलणारे तुरे यांतील सौंदर्य वादातीत आहे. या प्रसंगाच्या चित्रीकरणाला ऑक्टोबर १९५२ मध्ये प्रारंभ झाला. पुढच्या आठवड्यात चमू परतला, तेव्हा गुरांनी काशाची फुले खाऊन टाकलेली होती. उरलेल्या चित्रीकरणासाठी राय यांना पुढील हंगामापर्यंत थांबावे लागले. धावताना दुर्गा अडखळून मागे राहते व गाडीजवळ पोहोचतो तो अपू. पुढे आजारपणात ती बरी झाल्यावर पुन्हा गाडी पाहायला जाण्याविषयी अपूशी बोलते. ते घडत नाही. धावण्याचा तो आनंद दुसऱ्यांदा आठवतो, तेव्हा त्याला दुःखाची किनार लागलेली असते.

प्रेक्षकाचा सहभाग

दोन चित्रे शेजारी ठेवली असता प्रेक्षक त्यांतून तिसरा अर्थ निर्माण करतो, हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले होते. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी सूपचे भांडे, शवपेटी अशा निरनिराळ्या चित्रांना जोडला. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात कधी भूक, तर कधी शोक दिसला, असे या प्रयोगाविषयी सांगितले जाते. चित्रपट संकलनाच्या अध्यापनात त्याचा उल्लेख आजही होतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) मधील स्नानगृहातील हत्येचा प्रसंग याच तत्त्वावर उभा आहे. पडद्यावर सुमारे ४५ सेकंद चालणाऱ्या या हल्ल्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. सुरी, पाणी, हात आणि किंचाळणारा चेहरा यांची तुटक चित्रे वेगाने एकामागून एक येतात आणि प्रत्यक्ष न दाखवलेला वार प्रेक्षक मनातल्या मनात पूर्ण करतो. या प्रसंगाला संगीत नसावे, असे हिचकॉक यांचे प्रारंभी मत होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तंतुवाद्यांचे कर्कश स्वर रचून ऐकवल्यावर त्यांनी ते बदलले. 'पथेर पांचाली'त वाद्याने आक्रोशाची जागा घेतली, तर येथे वाद्ये स्वतःच किंचाळतात. येथेही पूर्वतयारी आहेच. चोरलेली रक्कम परत करण्याचा निश्चय नायिकेने नुकताच केलेला असतो व प्रेक्षक निर्धास्त झालेला असतो.

'फँड्री'मधील थांबलेली पावले

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या मराठी चित्रपटातील एक प्रसंग अलीकडच्या भारतीय चित्रपटांत विशेष महत्त्वाचा ठरतो. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. सोमनाथ अवघडे यांनी साकारलेला जब्या आणि किशोर कदम यांनी साकारलेले त्याचे वडील कचरू माने यांच्यासह सारे कुटुंब शाळेजवळ डुकरे पकडण्यासाठी धावत असते. जब्याचे मन शालू या वर्गातील मुलीत गुंतलेले आहे. आपल्याला हे काम करताना तिने पाहू नये, म्हणून तो आडोसे शोधत राहतो.

डुक्कर हाती येण्याच्या बेतात असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो, पाठोपाठ घरचेही थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही. प्रेक्षागृहात या ठिकाणी आधी हशा पिकतो आणि तो लगेच ओसरतो. राष्ट्रगीताचा मान राखणाऱ्या या कुटुंबाला गाव मात्र मान देत नाही, हा विरोध एकही शब्द न उच्चारता समोर येतो. त्यानंतर पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन निघालेले कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे मागे दिसतात.

चित्रपटाच्या शेवटी, टवाळी असह्य होऊन जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. हा दगड प्रेक्षकाला लागतो, याचे कारण थोड्याच वेळापूर्वी तोही हसलेला असतो. गावातील बघ्यांमध्ये आपणही होतो, याची जाणीव ज्या क्षणी होते, त्याच क्षणी चित्रपट संपतो. या चित्रपटासाठी मंजुळे यांना पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, तर अवघडे यांना बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तुकडा आणि संपूर्ण कलाकृती

गाजलेले प्रसंग आज भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत सहज पाहता येतात. जुन्या चित्रपटांची ओळख नव्या पिढीला होण्यास त्यामुळे मदत होते. तथापि पूर्वी चित्रपट न पाहिलेल्याला 'पथेर पांचाली'च्या तुकड्यात रडणारी एक स्त्री आणि एक अपरिचित वाद्य एवढेच मिळते. साडी कोणासाठी होती, हे तुकडा सांगू शकत नाही. वीरूच्या हातातील नाणेही अशा वेळी केवळ नाणेच राहते.

चित्रपट संपूर्ण आणि सुस्थितीत टिकणे म्हणूनच आवश्यक ठरते. 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळली होती. जळालेल्या रिळांतील वापरण्याजोगा भाग इटलीतील बोलोन्या येथे हाताने दुरुस्त करण्यात आला, उर्वरित भाग इतर प्रतींवरून घेण्यात आला व पुनरुज्जीवित चित्रपट २०१५ मध्ये प्रेक्षकांसमोर आला. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. मूकपटांच्या काळात निघालेल्या भारतीय चित्रपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत.

त्या चित्रपटांतही प्रेक्षकांनी आयुष्यभर मनात जपलेले प्रसंग असणार. ते पाहिलेली पिढी आता राहिलेली नाही आणि फितीही नाहीत. 'पथेर पांचाली'तील सर्वजयेच्या हाती ती साडी आजही येते, ती बोलोन्यातील कारागिरांनी जळक्या फितीची एकेक चौकट सोडवून घेतली म्हणून.